सिंबाची पांढरी शी आणि बोकडाची फोपसं

वाचकांचे प्रश्न, ढोर डॉक्टरची उत्तरं

तेहेतीस वर्षं मी परभणी-हिंगोलीकडच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत काढली. लोक 'ढोर डॉक्टर' म्हणायचे, आजही म्हणतात, मला त्याचं काही वाटत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्या टेबलावर कुत्रं म्हणून यायचंच नाही. कुत्रं चावलेला माणूस यायचा आणि त्याला मी माणसांच्या दवाखान्यात पाठवायचो. आता या सदराला येणाऱ्या पत्रांत निम्म्याहून जास्त कुत्र्यांची असतात. या वेळी तर पाच पत्रं एकाच पातेल्यातली निघाली: कुत्र्याला कच्चं मांस घालणं आणि मग बिघडलेलं पोट.

डॉक्टरसाहेब, आमचा सिंबा लॅब्राडोर आहे. दोन वर्षांचा, वजन ३२ किलो. आधी पोळी-दूध खायचा, रविवारी चिकनभात. पोरगं पुण्यात नोकरीला आहे, त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य घालूच नका, कच्चं घाला. दोन महिन्यांपासून रोज किलोभर कोंबडीच्या माना अन् पाय घालायलोत. पहिले काही दिवस लई खुश होता. आता तीन-तीन दिवस शी होत नाही, नुसता कुंथत बसतो. झाली तर पांढरी, खडूसारखी. परवा शेवटी दोन थेंब रक्त आलं. पहाटे पिवळं पाणी अन् हाडाचे तुकडे उलटून टाकतो. पोरगं म्हणतं, अंगातली घाण निघायलीय, आठ दिवस थांबा. थांबू का? — एक वाचक, जालना

भाऊ, घाण निघत नाहीये, अडकलीये. थांबू नका.

सिंबाची शी काडीनं दाबून बघा. भुगा होत असेल तर ती निव्वळ हाडाची पूड आहे. कोंबडीच्या मानेत एक तृतीयांशाच्या आसपास हाडच असतं, पायांत त्याहून जास्त. कच्चं घालणारे जाणकारसुद्धा एकूण खाण्यात हाड दहाव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. तुम्ही त्याच्या चौपट घालताय. हाडातलं कॅल्शियम मोठ्या आतड्यात पोचतं, तिथं पाणी शोषलं जातं आणि मागं उरतो तो भिंतीला लावलेल्या चुन्यासारखा गोळा. तो पुढं सरकेना म्हणून सिंबा कुंथतो, आणि कुंथून कुंथून गुदद्वाराची कड फाटते, ते तुमचे दोन थेंब. लाल, ताजं, शेवटी आलेलं रक्त हे बहुतेक वेळा असलंच असतं. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर मात्र रक्त वरून, जठराकडून येतंय, ती गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट.

पहाटेचं पिवळं पाणी म्हणजे पित्त, रिकाम्या पोटी पडतं. त्यात काल संध्याकाळचं हाड तसंच येतंय म्हणजे जठराला ते झेपत नाहीये. दिवसातून दोन-तीनदा उलटी, खाण्याकडं पाठ, पोट हाताला कडक लागणं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभं राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी क्ष-किरण फोटो काढा. हाडाचा तुकडा आतड्यात अडकला असेल तर दोन दिवसांत आतडं काळं पडतं.

आता आपल्याकडच्या घरगुती उपायांबद्दल, कारण तुम्ही ते केले असतील किंवा शेजारचे सुचवतील. एरंडेल नको. पुढं वाट बंद असेल तर मागून आतड्याला चाबूक मारण्यातला तो प्रकार. पॅराफिनचं तेल बाटलीनं घशात ओतणं तर नकोच नको. त्याला चव नसते, वास नसतो, कुत्र्याला ठसकाही लागत नाही आणि ते सरळ फुप्फुसात उतरतं. बद्धकोष्ठाचं कुत्रं न्यूमोनियानं गेलेलं मी पाहिलंय. मेडिकलमध्ये माणसांसाठी एनिमाच्या तयार बाटल्या मिळतात, त्यांतल्या फॉस्फेटनं जनावराच्या रक्तातल्या क्षारांचा तोल कोसळतो, लहान कुत्र्यात तर फारच. एनिमा द्यायचाच तर डॉक्टर देईल, सलाइन लावून, गरज पडली तर गुंगीचं इंजेक्शन देऊन.

हाड आजपासून बंद. तीन-चार दिवस मऊ भात, कातडं काढून उकडलेलं चिकन, त्याचंच मीठ-मसाला नसलेलं पाणी आणि दोन-तीन चमचे उकडून कुस्करलेलं डांगर. तुम्ही जालन्यात लाल भोपळा म्हणत असाल. त्यातला चोथा पाणी धरून ठेवतो, शी मऊ होते. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

राहिला लांडगा. पोराला सांगा, २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं जगताना कुत्र्याचं पोट भाकरीला सरावलं. अर्थात हे बघायला स्वीडनला कशाला जायचं? आपल्याकडच्या कुठल्याही मेंढरांच्या वाड्यावर जा. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून खाणारी कुत्री रात्रभर लांडग्यालाच हाकलत असतात.

या कच्च्या आहाराला 'बार्फ' हे नाव मिळालं ते ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्यामुळं, १९९३ च्या सुमारास. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यांच्या ताटात निदान मांस होतं, कलेजी होती, भाज्या होत्या. जालन्यात पोचेस्तोवर भाज्या गळाल्या, मांसही गळालं आणि माना-पाय तेवढे राहिले, कारण ते दुकानात स्वस्त मिळतात.

सिंबासारख्या ३२ किलोच्या, मध्यम हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० ते १५०० कॅलरी लागतात. चारशे ग्रॅम शिजवलेलं चिकन, तेवढाच किंवा थोडा जास्त भात नाहीतर कुस्करलेली भाकरी, एक उकडलेलं अंडं, मूठभर डांगर किंवा गाजर, दोन चमचे तेल. हे दोन वेळांत विभागून. हाड बंद केलं की कॅल्शियम कुठून, असा प्रश्न तुम्ही विचारणार. अंड्याची कवचं उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखी करा. चहाच्या सपाट चमचाभर पुडीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, सिंबाला दिवसाला तेवढं पुरे. ती पूड घातली नाही तर उलटी गंमत होते. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतो आणि शरीर तो तोल सांभाळायला स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसतं. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व हेही घरच्या ताटात कमी पडतं, तेव्हा जवळच्या डॉक्टरकडून एक चांगली पूड लिहून घ्या. हा बदल एका दिवसात नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. दोन महिन्यांपूर्वी पोळीवरून मानांवर एका दिवसात नेलं असणार, बरोबर ना?

आणि एक. रस्सा खाऊन उरलेली मटणाची हाडं म्हणजे कच्च्या हाडांना चांगला पर्याय, असं कृपा करून समजू नका. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या काटेरी चिपा निघतात. वर त्या रश्शात कांदा-लसूण असतो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

आमच्या शेतात पंचवीस शेरडं अन् एक राखणीचं कुत्रं हाय, राजा. खाटीक बोकड कापतो तव्हा फोपसं, काळजाचा खराब तुकडा, आतडं राजालाच टाकतो. राजा धष्टपुष्ट हाय, पण शेपटीखाली अन् बसल्या जागी भाताच्या शितासारखं काहीतरी दिसायलंय. जंताची गोळी दिली, फरक नाही. कच्चं मटण बंद करावं काय? — एक शेतकरी, औसा

दादा, तुमचं पत्र सगळ्यांत साधं आणि मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकणारं आहे. पण शितांमुळं नाही.

शितासारखं दिसतं ते पट्टकृमीचे तुटलेले तुकडे. हा कृमी बहुतेक वेळा पिसवांतून येतो. राजा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्यातून कृमी पोटात जातो. साध्या जंताच्या गोळीनं तो जात नाही, प्राझिक्वान्टेल असलेली गोळी लागते. प्रमाण कुत्र्याच्या दर १० किलोला ५० मिलिग्रॅम. सोबत पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर महिन्यात शितं परत हजर.

आता जे दिसत नाही ते. बोकडाच्या फोपसावर किंवा काळजावर कधी पाण्यानं भरलेले, पांढरट, टणक फोड पाहिलेत? लिंबाएवढे, कधी त्याहून मोठे. खाटकाला विचारा, त्याला नक्की माहीत असतात, तोच भाग काढून तो राजाला टाकतो. 'काळजाचा खराब तुकडा' असं तुम्हीच लिहिलंय. त्या फोडात दुसऱ्या एका पट्टकृमीची पिलं असतात. राजाच्या आतड्यात ती मोठी होतात, पण मोठी म्हणजे किती, तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान. हजारोंनी असतात, राजाला काहीही होत नाही, तो धष्टपुष्टच राहतो. सहा-सात आठवड्यांनी त्याच्या शीतून अंडी पडायला लागतात. ती चाऱ्यावर पडली की शेरडाच्या पोटात, आणि राजाच्या केसांना लागून तुमच्या लेकराच्या हाताला लागली की लेकराच्या पोटात. तिथून यकृतात, नाहीतर फुप्फुसात. माणसातही तसाच पाण्याचा फोड तयार होतो, वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो आणि शेवटी ऑपरेशन करून काढावा लागतो. फोड असलेलं मटण माणसानं खाल्लं म्हणून हा रोग होत नाही. मधे कुत्रं लागतंच.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी आकृतीसकट लिहिलंही होतं. तरी नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेलेल्या शेरडांचं शवविच्छेदन दवाखान्याच्या मागं करायचो आणि झालं की शिपाई उरलेलं मोतीला टाकायचा. मोती दवाखान्याचा कुत्रा. मी बघत असायचो. माझी थोरली मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि मोतीच्या गळ्यात हात घालून पायरीवर बसायची. एके दिवशी एका शेरडाच्या फुप्फुसात असे चार फोड निघाले, शिपायानं सवयीनं ते उचलले, मोती शेपूट हलवत उभा होता. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मुलीला काही झालं नाही. पण पुढं दोन-चार वर्षं ती खोकली की माझं लक्ष लागत नसे.

तर कच्ची फोपसं, काळीज, आतडी एकदम बंद. खाटकाला फोडवाला भाग वेगळा काढायला सांगा आणि तो जाळा, नाहीतर कुत्र्यानं उकरून काढू नये इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. बाकीचं काळीज-फोपसं राजाला घालायचंच असेल तर बारीक तुकडे करून अर्धा-पाऊण तास खळखळून उकळा. शिजलेलं काळीजही आठवड्यातून एक-दोनदा, मूठभर. जास्त झालं की पातळ शी होते. प्राझिक्वान्टेल आत्ता एकदा आणि पुढं राजाचं हिंडणं-चरणं आवरता येत नसेल तर दर सहा आठवड्यांनी. गोळीनं कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस राजाला बांधून ठेवा आणि त्याची शी जाळा. मेंढरं असतील तर मुंडीचा मेंदूही कच्चा टाकू नका. गोल गोल फिरून मरणारी मेंढी तुमच्या भागात कुणी ना कुणी पाहिली असेल, तो फोड मेंदूतला आणि तोही कुत्र्याच्याच वाटेनं येतो.

डिसेंबर-जानेवारीत माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलात तर तिथं अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन असतं. लांब तोंडाची, कंबर आत गेलेली शिकारी कुत्री घेऊन लोक येतात. त्यांच्या मालकांना खुराक विचारा. मी विचारलाय. दूध, अंडी, भाकरी आणि शिजवलेलं मटण असंच बहुतेकांनी सांगितलं.

सर, मी नांदेडला शिकते. रूमवर अडीच महिन्यांचं पिल्लू आणलंय. ताकद यावी म्हणून कच्चा खिमा आणि कच्चं अंडं दिलं. परवापासून उलट्या आणि रक्ताची, फार घाण वासाची पातळ शी. मैत्रीण म्हणते उष्णता झाली, दही दे. कच्च्या खिम्यामुळं झालं का? — एक विद्यार्थिनी

हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, इथं छापतोय ते इतरांसाठी. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पार्व्होच, पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूमुळं होणारा जीवघेणा रोग. खिम्याचा दोष काढत बसण्यात एक रात्र जाते आणि पार्व्होत एक रात्र म्हणजे फार झालं. दही, ताक, ओआरएस काहीच पोटात टिकत नाही, शिरेतून सलाइनच लागतं. माणसांची जुलाब थांबवायची गोळी तर अजिबात नको. मोठ्या कुत्र्याला साधे जुलाब झाले तर अर्धा दिवस उपाशी ठेवणं ठीक, पण इतक्या लहान पिल्लाला उपाशी ठेवलं की रक्तातली साखर पडते.

चार दिवस सलाइन लावल्यावर पाचव्या दिवशी त्यानं पेज चाटल्याचं तुम्ही कळवलंत, बरं वाटलं. खोलीची फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसा. एक वाटी ब्लीचला तीस वाट्या पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. फिनाइलनं हा विषाणू मरत नाही. अंगणातल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा मैत्रिणींनी तिथं लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नये. लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरू करायची आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची. विकणाऱ्यानं 'सगळं झालंय' म्हटलं तरी कार्ड बघा.

आणि ताकदीसाठी अंडं उकडूनच द्या.

नातवानं कुत्र्यासाठी कच्च्या मटणाच्या पिशव्या माझ्या फ्रिजात भरल्यात. शेजारीच देवाच्या नैवेद्याचं दूध असतं. घरात रांगतं लेकरू आहे, कुत्रं त्याचं तोंड चाटतं. कुत्र्याला तर काहीच होत नाही, मग तूच का कटकट करतेस, असं सगळे मला म्हणतात. मी चुकतेय का? — एक आजी, बीड

आजी, तुम्ही बरोबर आहात, नैवेद्य बाजूला ठेवला तरीही.

कच्च्या चिकन-मटणात साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू असतात. कुत्र्याला कित्येकदा त्यांनी काहीच होत नाही. ते खातं, मजेत राहतं आणि शीतून, तोंडातून ते जंतू घरभर वाटत फिरतं. आजारी पडतं रांगतं लेकरू, नाहीतर तुमच्या वयाचं माणूस. त्यामुळं 'कुत्र्याला काही होत नाही' हा तुमच्या नातवाचा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ मध्येच कच्चं मांस घालू नका असा ठराव केला, आणि तिकडं तर दुकानापासून घरापर्यंत सगळा माल बर्फात येतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ वर, चिकन काळ्या पिशवीत गाडीच्या हँडलला लटकत येतं आणि दुपारी लाइट गेली की फ्रीजरमधून पाणी गळतं. गोठवल्यानं काही कृमी मरतात, जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. पिशवी वितळली की उठतात.

नातवाला म्हणावं, पातेलं कुत्र्याचं वेगळं ठेव, पण शिजव. वीस मिनिटांचा गॅस. तोवर पिशव्या फ्रिजाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. आणि कुत्र्याची थाळी मोरीतच लेकराच्या दुधाच्या बाटलीशेजारी धुवू नका.

नळीचं गोल हाड कुत्र्याच्या खालच्या जबड्यात अडकलं, ओढून निघेना. काय करावं? — एक वाचक, सेलू

ओढू नका. नळी सुळ्यांवरून मागं सरकलेली असते, ओढली की ओठ आणि हिरडी सोलते. थोडं तेल लावून बघा, सहज फिरली आणि निघाली तर ठीक. नाही तर दवाखान्यात गुंगी देऊन कापावी लागते. मी अशा तीन काढल्यात. पहिली काढताना दवाखान्यात योग्य हत्यारच नव्हतं, म्हणून शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंड कापायचं करवतीचं पान आणलं, ते उकळलं आणि जबडा व हाड यांच्या मधे चमचा धरून कापलं. कुत्र्याचा मालक सगळा वेळ डोळे मिटून 'येळकोट येळकोट' म्हणत होता. तो चमचा नंतर आमच्या शिपायानं चहात घालून ढवळला, हे मला संध्याकाळी कळलं.